वीतभर जास्तीची पाठ

मार्गशीर्ष लागला की बदलापूर गावात पहाटे जी थंडी पडते, ती मुंबईच्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. नदीच्या अंगाने धुके वर येते, फरशी पायांना बोचते, आणि आमच्या देवघरातले देव तर कार्तिकातच लोकरीच्या वस्त्रांत बसलेले असतात. देवांना ऊब करण्याचे हे काम मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून माझ्याकडे आहे. माणसांचे स्वेटर पुढे त्याच सुयांवर सुरू झाले. शेजारची बाळे, भाचे, जावई आणि यजमानांचे वर्षागणिक वाढणारे पोट, अशा सर्वांना मी लोकर घातली आहे. बहुतेक स्वेटरांचे आता स्मरणही नाही. एका स्वेटरची पाठ मात्र मला दोनदा विणावी लागली. तो माझ्या नणंदेचा.

नणंद म्हणजे यजमानांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. सारे गाव त्यांना आत्या म्हणते. त्यांनी लग्न केले नाही. कल्याणला टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर होत्या, आणि ट्रंक कॉल लावून देणारा त्यांचा आवाज एके काळी साऱ्या पंचक्रोशीच्या ओळखीचा होता. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. मी शाळेत संस्कृत शिकवले, माझे वडील शास्त्री होते, त्यामुळे माझ्या बोलण्यात पुष्कळदा पुस्तक डोकावते. वन्संचे बोलणे मात्र मिरचीच्या ठेच्यासारखे. त्यांच्याशी बोलून झाल्यावर मनुष्य पाणी मागतो आणि पुन्हा ताटावर बसतो.

गावातल्या मंदिरात बायकांचे भजनी मंडळ आहे. वन्सं त्यात आल्या आणि मंडळाला कणा मिळाला. टाळ त्यांच्या हाती, पहिली ओळ त्यांच्या मुखी. पुढे हाडे ठिसूळ झाल्याचे निमित्त होऊन त्यांच्या पाठीला बाक येऊ लागला. औषधांनी दुखणे थांबले, बाक राहिला. खांद्यांच्या मध्ये पाठ कमानीसारखी वर आली, मान पुढे झुकली. वन्संनी त्याविषयी तक्रार अशी कधी केली नाही. त्यांनी फक्त शाल पांघरायला सुरुवात केली आणि मंदिरात पहिल्या रांगेतली आपली जागा सोडली.

हे नीट समजण्यासाठी बसण्याची पद्धत सांगायला हवी. भजनाला बसणाऱ्या बायका देवाकडे तोंड करून बसतात आणि ऐकणारी मंडळी त्यांच्या मागे. म्हणजे पहिल्या रांगेत बसणे म्हणजे साऱ्या सभेकडे पाठ करणे. वन्सं सर्वांच्या मागे, भिंतीलगतच्या खांबाला टेकून बसू लागल्या, म्हणजे मागे फक्त भिंत. शाल गळ्याशी एका हाताने धरून ठेवावी लागे, नाहीतर ती त्या उतारावरून घसरे. एक हात शालीत अडकला, तेव्हा टाळ पिशवीत गेले. आणि टाळ गेले तसा त्यांचा आवाजही हळूहळू मागे सरकला. लय ज्यांच्या हातात असते त्यांचा गळा हाताबरोबर उघडतो, असे मला त्या वेळी प्रथम जाणवले.

गेल्या वर्षी अंबरनाथच्या एका दत्तमंदिरातून आमच्या मंडळाला निमंत्रण आले. दत्तजयंतीच्या सप्ताहात एका पहाटेची भजनसेवा आमच्याकडे होती. देवाला जागे करण्यासाठी प्रथम भूपाळी म्हणायची. माझ्या सासूबाईंची एक भूपाळी होती. तिची चाल त्यांनी आपल्या लेकीलाच काय ती दिलेली. आता ती चाल वन्संच्या गळ्याखेरीज कुठेही नव्हती. मंडळाच्या प्रमुख बाई निमंत्रण घेऊन घरी आल्या त्या हेच सांगायला.

"आत्या, भूपाळी तुम्हीच म्हणायची. आम्हाला कुणालाच ती चाल येत नाही."

"मग शिका. मी घरून फोनवर सांगते."

"फोनवरून देव उठतो होय?"

"न उठायला काय झालं? इतकी वर्षं अख्खं कल्याण मी फोनवरूनच उठवलंय."

बाई हसल्या, पण हटल्या नाहीत. "ते काही नाही. पुढे बसायचं, माइकसमोर. हातात टाळ घ्यायचे. तुम्ही नसाल तर मी त्यांना नाही म्हणून कळवते. दुसरी भूपाळी काय, कुणीही म्हणेल; त्यात आमचा मान कसला?"

वन्संनी शाल गळ्याशी ओढून घेतली. "अगं, शाल घसरते," एवढेच त्या म्हणाल्या.

बाई गेल्यावर मी म्हटले, "वन्सं, मी तुम्हाला स्वेटर विणते. पुढून उघडा, बटणांचा. दोन्ही हात मोकळे राहतील."

"मला स्वेटर शोभत नाही गं. बाजारातले झाडून सगळे घालून पाहिलेत. पुढून गुडघ्याकडे निघतात, मागून मानेकडे. मध्ये मी उभी."

"बाजारातला बाजारासाठी असतो. मी तुमच्यासाठी विणते."

"बघ हं. नाही बसला तर मी घरीच बसणार. आधीच सांगून ठेवते."

त्यांनी ते हसत सांगितले, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. सासूबाईंची चाल त्या पहाटे म्हटली जाणार की नाही, हे आता माझ्या सुयांवर आले होते.

लोकर घ्यायला मी उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात गेले. तिथे गल्लीच्या आत एका सिंधी गृहस्थांचे लोकरीचे जुने दुकान आहे. मला शुद्ध लोकर हवी होती. आमच्याकडे लोकर सोवळ्यात चालते; वन्संचा हा स्वेटर पूजेला, सेवेला चालावा, म्हणून त्यात कृत्रिम धाग्याची भेसळ नको. दुकानदारांनी वरच्या फळीवरून लडी काढली.

"आजी, एकदम असली. वास घेऊन बघा. मेंढी अजून आतच आहे."

मी खरोखरच वास घेतला. मेंढी होती.

"कुणासाठी? सूनबाई?"

"नणंदेसाठी."

"अरे बाप रे!" त्यांनी दोन्ही हात जोडले. "नणंदेसाठी आहे तर दोन लडी जादा घ्या. नणंद का मामला है, कमी पडायला नको."

मी जादा घेतल्या नाहीत. रंग मात्र मनासारखा मिळाला: ताज्या वांग्याचा, उन्हात किंचित तांबूस दिसणारा. वन्संच्या गव्हाळ वर्णाला तो खुलणार, हे मला लडी हातात घेताच कळले.

आता मापाचा प्रश्न. आपल्याकडे बायकांचे माप अंगावरून सहसा घेतच नाहीत. प्रत्येक घरात एक मापाचा ब्लाऊज असतो. तो शिंप्याकडे जातो, त्याच्यावरून नवे बेतले जातात, आणि तो पुन्हा घडी होऊन कपाटात येतो. वन्संनी आपला मापाचा ब्लाऊज काढून दिला. फिकट पिवळा, कडेला विरलेला. नोकरीत असताना त्यांनी तो प्रथम शिवून घेतला असावा.

"हाच घे. माझं माप आहे तेच आहे."

मी तो दोन्ही हातांनी घेतला. थोरल्या नणंदेच्या पाठीवर टेप लावणे मला मर्यादेला धरून वाटेना, आणि त्यांनाही ते नको होते. म्हणून आम्ही दोघींनी त्या पिवळ्या ब्लाऊजवर एकमताने विश्वास ठेवला.

खरे तर बांध्याप्रमाणे स्वेटर कसा फिरवावा, हे मी कितीजणींना शिकवले आहे. पोट पुढे असेल तर पुढचा भाग दोन बोटे लांब ठेवावा, नाहीतर तो नाभीवर चढून बसतो. ठेंगण्या बांध्याच्या मुलीचा स्वेटर कमरेशीच संपवावा; मांडीपर्यंत आला तर मुलगी त्यात बुडते. खांदे उतरते असतील तर बाहीची शिवण थोडी आत घ्यावी. उभी नक्षी उंची देते, आडवी नक्षी रुंदी देते. एवढे सारे ज्ञान मजपाशी असताना मी वन्संसाठी काय विणले? पुढची-मागची लांबी सारखी, आणि पाठीवर, ऐन खांद्यांच्या मध्ये, शंकरपाळ्यांचा आडवा पट्टा. नक्षी मात्र अशी साधली होती की यजमानांनी चष्मा पुसून पाहिली.

वन्संनी तो घातला आणि आरशापुढे उभ्या राहिल्या. त्यांनीच सांगितले होते तसे झाले. मागची किनार कमरेच्या वर चढली, पुढची मांडीवर लोंबू लागली. मानेमागे गळा असा उघडा पडला की त्यात वाटी ठेवता आली असती. आणि तो शंकरपाळ्यांचा पट्टा बाकावरून चढून पलीकडे उतरला.

वन्सं वळून वळून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, कमान छान बांधलीस. आता तोरण तेवढं लाव."

यजमान मोठ्याने हसले. वन्संही हसल्या. मग त्यांनी स्वेटर काढला, बाह्या आत घेऊन त्याची नीट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि शाल पांघरली.

"मंडळाला सांग, माझा घसा बसलाय."

त्या आपल्या खोलीत गेल्या. यजमान माझ्याकडे पाहू लागले, आणि मी स्वेटरकडे.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. देवांना स्नान घातले, पुसले, आणि एकेकाला वस्त्र घालू लागले. आमच्या देवघरात रांगता बाळकृष्ण आहे. एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर. त्याचे लोकरीचे अंगडे मी दरवर्षी नवे विणते. सासूबाईंनी ते एकदा शिकवले आणि नंतर बोटांनीच ते लक्षात ठेवले. डोक्याला कधी विचारावे लागले नाही. त्या अंगड्याची पाठ लांब असते आणि पोट आखूड. गळा मागून वर, पुढे कललेला. पाठ एकाच लांबीची ठेवली तर रांगणाऱ्या देवाची कंबर उघडी पडते आणि अंगडे तोंडावर येते, म्हणून पाठीच्या मधल्या टाक्यांवर काही जास्तीच्या अर्ध्या ओळी घालतात. तेवढ्या जागेत लोकर फुगून वाटीसारखी खोलगट होते आणि देवाची पाठ त्यात मावते.

बाळकृष्णाला अंगडे चढवता चढवता माझा हात थांबला. मी त्याला उचलून पाठीवरून बोट फिरवले. इतकी वर्षे मी या देवाची सेवा करीत आले. त्याला 'सरळ हो, म्हणजे अंगडे बसेल' असे म्हणण्याचा विचार स्वप्नातही आला नव्हता. तो जसा होता तसे त्याचे वस्त्र होते. आणि माझ्या घरातल्या या वडीलधाऱ्या देहाला मात्र मी एका जुन्या पिवळ्या ब्लाऊजचे वस्त्र घालायला निघाले होते.

पूजा आटोपून मी वन्संच्या खोलीत गेले. हातात त्याच वांगी लोकरीचा एक लांब धागा होता.

"वन्सं, मला माप घ्यायचे आहे. अंगावरून."

"ब्लाऊज दिलाय ना."

"ब्लाऊज भूपाळी म्हणत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी असे बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्या उभ्या राहिल्या आणि माप द्यायला म्हणून त्यांनी श्वास रोखला, खांदे मागे नेले, मान उंच केली. जेवढे सरळ होता येईल तेवढ्या सरळ झाल्या. कपाळावर शीर दिसू लागली.

"अशा नको. अशा तुम्ही किती वेळ उभ्या राहणार? बसा. टाळ घ्या. भूपाळी म्हणा. तुम्ही गाताना जशा असता, त्याचे माप मला हवे आहे."

"तुझं आपलं काहीतरीच," असे म्हणत त्यांनी पिशवीतून टाळ काढले. पुष्कळ दिवसांनी निघालेले टाळ. दोरीला धूळ होती. त्यांनी ते पदराने पुसले, मांडी घातली आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळीला खांदे अजून ताठ होते. दुसऱ्या ओळीला हात मोकळे झाले. तिसऱ्या ओळीला त्या सासूबाईंच्या चालीत पूर्ण उतरल्या आणि पाठ आपल्या जागी, आपल्या आकारात विसावली. मी मागे गुडघ्यांवर बसले. मानेच्या मणक्यापासून बाकावरून कमरेपर्यंत धागा सावकाश धरला आणि गाठ मारली. मग समोर येऊन गळ्याच्या खळगीपासून कमरेपर्यंत धरला, दुसरी गाठ मारली. खांद्याची शिवण जिथे यायला हवी ती जागा त्यांच्या हाताच्या हालचालीबरोबर पुढे सरकत होती. तीही धाग्यावर घेतली. त्या गातच होत्या. भूपाळी संपली तेव्हा डोळे उघडून म्हणाल्या, "किती निघालं?"

मी दोन्ही गाठी ओढून दाखवल्या. "पुढच्यापेक्षा पाठ वीतभर जास्त आहे."

"वीतभर?" त्यांनी धागा हातात घेऊन आपल्या पंजाने मोजला. वीत पुरती भरली. "बाई गं. एवढ्या जागेत तर माणूस पानाची टपरी टाकेल."

"जागा चांगली आहे. भाडे बरे येईल," मी म्हटले.

त्या इतक्या हसल्या की टाळ आपोआप वाजले. मला वाटते, स्वेटर तिथेच निम्मा झाला होता.

पहिला स्वेटर मी उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून, कोमट पाण्यात भिजवून, खाली वजन बांधून वाळवली की ती पुन्हा सरळ होते. लडी करायला यजमानांना समोर बसवले. दोन्ही हात पुढे, त्यांवर लोकर.

"मला बेड्या घालून दोघी काय कट करताय?" ते म्हणाले.

"तुझ्या पोटाचंही माप घेणार आहोत," वन्सं म्हणाल्या. "त्याला मात्र धागा पुरणार नाही, दोरखंड लागेल."

नवी पाठ मी किनारीपासून वर विणत नेली. कमरेपर्यंत साधीच. बगलेपाशी आल्यावर अर्ध्या ओळी सुरू केल्या: ओळीच्या टोकापर्यंत न जाता काही टाके आधीच थांबायचे, पुढच्या टाक्याला धाग्याचा एक वेढा घालायचा, म्हणजे भोक पडत नाही, आणि तिथून परत फिरायचे. दुसऱ्या बाजूलाही तसेच. प्रत्येक वेळी थोडे आणखी आधी फिरायचे. कडा वाढत नाहीत, मध्य वाढतो. देवाच्या अंगड्याला अशा ओळी चार पुरतात. इथे त्या घालता घालता दोन दुपारी गेल्या. पाठीवर नक्षी अजिबात घेतली नाही. पुढच्या दोन्ही बाजूंवर गळ्यापासून किनारीपर्यंत एकेक उभी वेणी घेतली, म्हणजे पाहणाऱ्याची नजर वरून खाली सरळ जाईल. खांद्याची शिवण पुढे घेतली. बाही कोपरापाशी थोडी सैल ठेवली, टाळ वाजवताना ओढ बसू नये म्हणून.

एवढे करीपर्यंत लोकर संपली. नणंदेसाठी जादा घ्या म्हणून सांगणारे ते गृहस्थ मला आठवले आणि मी पुन्हा चार नंबरला गेले. पूर्वीची छटा संपली होती. त्यांनी दुसरी लडी उजेडात धरली.

"आजी, उन्नीस-बीस का फरक आहे. कोणी नाही बघणार."

"नणंद बघतील."

"हां, ते पण आहे." लडी खाली ठेवून ते हसले. "बोललो होतो ना मी, दोन लडी जादा?"

उन्नीस-बीस दिसून चुकल्यासारखे वाटले असते. म्हणून मी त्याहून पुष्कळ गडद, जवळजवळ जांभूळ रंगाची लोकर घेतली, आणि बटणपट्टी व गळा तिचा करायचे ठरवले. गळा रुंद, दुमडून खांद्यांवर पडणारा. मानेमागे जी पोकळी राहत होती ती त्याने भरली, आणि गडद रंगाच्या चौकटीत चेहरा असा उजळला की पहिल्यांदा घालून दाखवला तेव्हा मीच जरा वेळ पाहत राहिले.

शेवटची दुरुस्ती उरली. मागची किनार एका बाजूला किंचित खाली येत होती आणि ती अंगावरच टाचून घ्यायला हवी होती. आमच्या घरी अंगावर घातलेले वस्त्र शिवत नाहीत. शिवायचेच झाले तर घालणाऱ्याने तोंडात तुळशीचे पान धरून गप्प राहायचे. मी पान आणून दिले. वन्संनी ते ओठांत धरले. यजमान दारात येऊन उभे राहिले.

"काय शांतता आहे घरात," ते म्हणाले, आणि मग वन्संच्या सुरात मला: "वहिनीसाहेब, जरा सावकाश शिवा. घाई नाही."

वन्संनी हातवारे करून त्यांना जे सांगितले ते पानासकट समजत होते.

टाचून झाल्यावर त्या आरशाकडे गेल्या. या वेळी वळून वळून पाहिले नाही. एकदा समोरून, एकदा बाजूने. किनार चारी बाजूंनी एका उंचीवर होती. पाठ जिथे होती तिथेच होती. स्वेटरने ती लपवली नव्हती. फक्त आता वस्त्र तिच्याशी भांडत नव्हते. वन्संनी दोन्ही हात पुढे करून हवेतच टाळ वाजवून पाहिले. मग पान तोंडातून काढून म्हणाल्या, "मंडळाला कळव, घसा सुटला म्हणून."

सेवेच्या पहाटे आम्ही दोन रिक्षा करून अंबरनाथला निघालो. चिखलोलीच्या नव्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर तुरळक दिवे लागले होते. खाली सगळे धुक्यात. वन्सं रिक्षात मधोमध, मांडीवर टाळांची पिशवी. शाल त्यांनी घरीच ठेवली होती. कुणीतरी विचारले, "आत्या, थंडी नाही ना वाजत?" तर म्हणाल्या, "वाजतेय ना. टाळाबरोबर वाजेल."

दत्तमंदिराच्या सभामंडपात सतरंजी अंथरली होती. मागे पन्नासेक माणसे तरी बसली असतील; पुष्कळजण मफलर, कानटोप्या घालून. वन्सं मंडपाच्या दारात थांबल्या. समोर देवाचा बंद पडदा, त्यापुढे माइक, माइकपुढे रिकामी जागा. त्या जागेकडे जायचे तर साऱ्या माणसांमधून जावे लागणार होते आणि मग त्यांच्याकडे पाठ करून बसावे लागणार होते. मी मागेच उभी होते. वन्संचा उजवा हात गळ्याशी गेला, शाल धरायला. तिथे शाल नव्हती. तो हात गळ्यावरून फिरला, जांभळ्या पट्टीवरून खाली आला आणि पिशवीत जाऊन टाळ घेऊन बाहेर निघाला.

त्या पुढे जाऊन बसल्या. आम्ही त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मागे बसलो.

भूपाळीचे मी काय वर्णन करावे? सासूबाईंचा आवाज मी ऐकलेला आहे. तो सौम्य होता. वन्संचा आवाज तसा नाही. त्यात अजूनही दूरच्या गावाला जोडून देणारी ती धार आहे. पण चाल तीच, थांबे तेच, आणि 'ऊठ' म्हणतानाची ती लाडिक ओढही तीच. दोन्ही हातांतले टाळ एकमेकांना भेटत होते आणि सुटत होते. पडदा सरला, निरांजन ओवाळले गेले, आणि मागच्या माणसांनी धृपद इतक्या सहज उचलले की जणू ही चाल त्यांच्याही घरची होती.

मग भजने सुरू झाली. एक, दुसरे, तिसरे. अंबरनाथच्या टेकड्यांवरून ऊन मंडपात उतरले. थंडीची ऐट आपल्याकडे इतकीच. सूर्य दिसला की ती गाशा गुंडाळते. वन्संच्या कानशिलांवरून घाम येऊ लागला. त्यांनी भजन पूर्ण केले, टाळ मांडीवर ठेवले आणि एकेक बटण काढू लागल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसले. मी काही बोलणार तोवर वन्संनी स्वेटर अंगावेगळा करून मागे माझ्याकडे केला होता.

"वहिनी, हे धर गं. फार उकडतंय. किती ऊब घातलीस!"

माइक चालू होता. साऱ्या मंडपाने ते ऐकले आणि सारा मंडप हसला. वन्संही हसल्या, मागे न वळता. साध्या सुती साडीत, उन्हात, सगळ्यांकडे पाठ करून त्या बसल्या होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, टाळ उचलले आणि पुढच्या भजनाची पहिली ओळ टाकली.

स्वेटर माझ्या मांडीवर होता. आतून अजून गरम. मी तो हातांत तसाच धरून राहिले, शेजारच्या बाई डोळे पुसत राहिल्या, आणि दुसरी ओळ उचलायला आम्हा दोघींना उशीर झाला. टाळ न थांबवता वन्संनी मान वळवली आणि आमच्याकडे असे डोळे वटारले की आम्ही दोघींनी एकदमच, जरा वरच्याच पट्टीत, ओळ धरली.